तीन रात्री, सात दिवस, आठ तास

टॅम्पॉन रात्रभर ठेवलेला चालतो का, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडणे अनेकांना अस्थानी वाटेल. तो तसा का नाही, हे पुढे येईलच. आधी त्याचे उत्तर देतो. कारण उत्तर लांबणीवर टाकून वाचकाला खिळवून ठेवणे ही एरवी लेखनातली खुबी असली, तरी या विषयात ती बेपर्वाई ठरेल.

झोप आठ तासांच्या आत संपणार असेल तर टॅम्पॉन वापरता येतो. तो झोपण्याच्या अगदी आधी, हात स्वच्छ धुऊन, नवा घालावा. आपल्या स्रावाला पुरेल इतक्याच, म्हणजे कमीत कमी शोषणक्षमतेचा निवडावा. आणि जाग येताच काढावा. एका वेळी एकच वापरावा आणि पाळी संपताना शेवटचा काढल्याची खात्री करून घ्यावी. झोप आठ तासांहून लांबण्याची शक्यता असेल तर त्या रात्री पॅड किंवा स्वच्छ कापड हेच बरे. टॅम्पॉन वापरात असताना एकाएकी खूप ताप आला, उलट्या-जुलाब सुरू झाले, स्नायू दुखू लागले, भोवळ आली, अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली उमटली, तर तो तत्काळ काढून रुग्णालय गाठावे आणि आपण टॅम्पॉन वापरत होतो हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. या आजाराचे नाव टॉक्सिक शॉक सिंड्रोम. तो दुर्मीळ आहे. पाळी येणाऱ्या लाखभर स्त्रियांमागे वर्षाला साधारण एखादी. परंतु तो काही तासांत जीव घेऊ शकतो.

उत्तर एवढेच आहे. आम्हांला कुतूहल आहे ते त्यातल्या ‘आठ’ या आकड्याचे. पाळीतल्या स्त्रीला वेळ मोजून देण्याची रीत फार जुनी आहे आणि वसईसारख्या गावात तिची दोन प्राचीन मापे शेजारी-शेजारी नांदत आली आहेत: एक तीन रात्रींचे, दुसरे सात दिवसांचे. आठ तास हे तिसरे माप, जेमतेम पन्नास वर्षांच्या आतले. या तिन्ही मापांना एकच प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते. ही मोजणी कोणाच्या रक्षणासाठी आहे?

१

धर्मशास्त्राचे माप रात्रींचे आहे. त्याची कथा तैत्तिरीय संहितेत येते. इंद्राने त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला मारले आणि त्याला ब्रह्महत्येचे पातक लागले. ते वाटून टाकण्यासाठी तो पृथ्वीकडे, वृक्षांकडे आणि स्त्रियांकडे गेला. तिघांनी एकेक तृतीयांश हिस्सा स्वीकारला आणि त्या बदल्यात एकेक वर मागून घेतला. स्त्रियांच्या वाट्याला आलेला हिस्सा म्हणजे त्यांचे रज. कथा संपते तिथून निषेध सुरू होतात: तीन रात्री तिने न्हाऊ नये, तेल लावू नये, केस विंचरू नयेत, डोळ्यांत काजळ घालू नये, दात घासू नयेत, नखे कापू नयेत, सूत कातू नये, दोर वळू नये.

या यादीची रचना साहित्याच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक निषेधाला एक परिणाम जोडलेला आहे आणि तो परिणाम कधीही त्या स्त्रीच्या शरीरावर होत नाही. काजळ घातले तर अपत्य आंधळे होईल, केस विंचरले तर टकले होईल, नखे कापली तर त्याची नखे खराब होतील. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही रजस्वलेने तीन दिवस पाळायचे नियम येतात. तिथेही भय आहे ते होणाऱ्या मुलाचे. दर्भाच्या अंथरुणावर झोपण्याची सूचनाही तिथेच आहे. वैद्यकाचा ग्रंथ असूनही तिला स्वतःला काय होते, तिचे पोट दुखते का, स्राव अधिक झाला तर काय करावे, याला त्या नियमांत जागा नाही. त्याची चर्चा झालीच तर ती अन्यत्र, रोगांच्या प्रकरणात.

पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासाच्या दुसऱ्या खंडात रजस्वलेविषयीचे हे नियम सविस्तर मांडले आहेत. सूत्रांपासून निबंधग्रंथांपर्यंत येताना त्यांत स्पर्शाचे बारकावे वाढत गेलेले दिसतात. कोणी कोणाला शिवले तर काय, दोन रजस्वला एकमेकींना शिवल्या तर काय, अशा शक्यतांचा विचार निबंधकार मोठ्या तत्परतेने करतात. आणि एवढे पाळूनही अजाणता काही राहून गेले असेल, तर त्यासाठी भाद्रपद शुद्ध पंचमीचे व्रत, म्हणजे आपली ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही, म्हणून अळू-भोपळ्याची ती भाजी आज हौसेने केली जाते; पण व्रताच्या कथेत दोष सांगितला आहे तो विटाळ न पाळल्याचा.

तेव्हा तीन रात्रींच्या मापाने कोणाचे रक्षण केले? घराचे, देवघराचे, स्वयंपाकाचे, पुरुषाचे, न जन्मलेल्या मुलाचे. रात्री ती कुठे झोपते याची त्याला काळजी होती. कशी झोपते याची नव्हती.

२

दुसरे माप वसईत समुद्रावरून आले. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत इथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, भाषा मात्र आपलीच ठेवली. त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार वसईला वगळून करता येत नाही.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा पंधरावा अध्याय ऋतुमतीला सात दिवस अशुद्ध ठरवतो. ती जिथे निजेल ते अशुद्ध, जिथे बसेल ते अशुद्ध. तिच्या अंथरुणाला जो शिवेल त्याने कपडे धुवावेत, स्नान करावे आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावे. इथेही अंथरूण आहेच. सिंधूपलीकडच्या आणि अलीकडच्या दोन धर्मपरंपरांनी एकमेकींना न विचारता पाळीच्या रात्री तिच्या बिछान्याकडे संशयाने पाहावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

हा अध्याय मराठीत आणणाऱ्यांमध्ये एक स्त्री होती, याचा विसर पडू नये. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे संपूर्ण भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यात मिशनमधल्या स्त्रिया काम करीत. ज्यांना विटाळ म्हणून दूर बसवले गेले होते अशा कित्येकजणी त्या आश्रमात आल्या होत्या. विटाळाचा सात दिवसांचा नियम मराठी खिळ्यांत जुळला तो अशा बायकांच्या छापखान्यात.

परंतु त्याच ग्रंथाच्या नव्या करारात या नियमाला छेद देणारी गोष्टही आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली एक स्त्री येते. वैद्यांपायी तिने होते नव्हते ते सगळे घालवले आणि दुखणे बळावतच गेले. गर्दीत मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे त्याला विटाळ व्हायला हवा. होते उलटेच, ती बरी होते. आणि कोण शिवले असे त्याने विचारल्यावर भीतीने कापत ती पुढे येते, तेव्हा तो तिला मुलगी म्हणून संबोधतो. पुढे इ. स. ६०१ च्या सुमारास, पाळीतल्या स्त्रीने चर्चमध्ये यावे का, असा प्रश्न इंग्लंडमधून रोमला विचारला गेला. पोप ग्रेगरी पहिला याच्या नावे बीडने नोंदवलेले उत्तर असे, की तिला मज्जाव करू नये; आणि आधार दिला आहे तो याच स्त्रीच्या गोष्टीचा.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे नवा करार आजच्या मराठीत वाचता येऊ लागला. ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि २०२४ मध्ये गेले. मराठीच्या वर्गात त्यांची चर्चा पर्यावरणाच्या लढ्यासाठी आणि ललितगद्यासाठी होते. ती गोष्ट तशी सोप्या मराठीत हाताशी असणे हे आम्हांला तेवढेच महत्त्वाचे वाटते. कारण विटाळाच्या नियमाविरुद्ध उभे राहण्यासाठी माणसाला बहुधा प्रबंधाआधी एखादी गोष्ट लागते.

३

अशी गोष्ट मराठीत त्याच्याही आधी होती. महानुभाव परंपरेत चक्रधरस्वामींच्या नावे जो विचार सांगितला जातो तो असा, की देहाच्या द्वारांतून जसे इतर मळ स्रवतात तसाच हाही एक स्राव. नाकाडोळ्यांच्या मळाने जर माणूस अस्पृश्य होत नाही तर याने का व्हावा? तेराव्या शतकात, मराठी गद्य आकार घेत असताना, पाळीविषयी इतके निर्विकार बोलणे झाले होते. पुढच्या शतकात सोयराबाईंनी अभंगातून याहून टोकदार प्रश्न केला. विटाळ देहातच उत्पन्न होतो आणि विटाळावाचून कोणताच देह घडत नाही, मग सोवळा कोण? चोखोबांच्या घरातल्या या बाईला जातीचा विटाळ आणि बाईपणाचा विटाळ असे दोन्ही ठाऊक होते. तिने दोहोंचा हिशेब एकाच अभंगात मांडला.

हे दोन्ही प्रसंग पदवीच्या वर्गात शिकवताना गाळून पुढे जाणे फार सोपे असते. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. पण ते गाळले की मराठी परंपरा म्हणजे केवळ सोवळ्याची परंपरा, असा समज पक्का होतो आणि आरोग्याचे बोलणे म्हणजे परकीय बोलणे ठरते.

भाषेने या बाबतीत काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. बाहेर बसणे, दूर बसणे, बाहेरची होणे, विटाळशी असणे, शिवायची नसणे, कावळा शिवणे, अडचण येणे. हे शब्द दोन प्रकारचे आहेत. काही जागा सांगतात, काही स्पर्श. घरातल्या लहान मुलाने आई कोपऱ्यात का बसली असे विचारले, की कावळ्यावर ढकलून मोकळे व्हायचे. रक्त, कापड, दुखणे यांतले काहीही या शब्दांत येत नाही. जुन्या लुगड्याच्या फडक्याची घडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. ती कशी धुवावी, किती वेळाने बदलावी, हे सांगितले गेले असेल ते कानात. वाङ्मयात त्या घडीला नाव मिळाले नाही.

अपवाद दोन शब्दांचा. ‘ऋतू’ म्हणजे ठरलेला काळ, आणि ‘पाळी’ म्हणजे आळीपाळीने येणारी वेळ. या शब्दांत घड्याळ आहे. वैद्यकाचा तासांचा हिशेब बसवायला मराठीला परका साचा आणावा लागत नाही, तो याच शब्दांत बसतो.

४

तरीही मराठीत शरीराविषयी सरळ प्रश्न आणि सरळ उत्तर असा प्रकार रुजवणे किती कठीण होते, हे र. धों. कर्व्यांच्या चरित्रावरून कळते. त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी ते पदरमोड करून चालवले. वाचकांनी लैंगिक आयुष्याविषयी प्रश्न विचारावेत आणि संपादकाने आडपडदा न ठेवता उत्तरे द्यावीत, ही त्या मासिकाची एक ओळख होती. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला, तो नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लोक शंका विचारतात आणि जाणकाराने उत्तर दिले तर त्यात अश्लील काय, हा बचावाचा गाभा होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला.

या घटनेकडे आपण आविष्कारस्वातंत्र्याच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहतो. ती आरोग्याच्या इतिहासातलीही घटना आहे. शरीराविषयी उत्तर देणे हाच ज्या समाजात गुन्हा ठरतो, तिथे प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला, आणि ती बाई असली तर अधिकच, अर्धवट कुजबुजीवर भागवावे लागते. टॅम्पॉनने कौमार्य जाते का, तो पोटात हरवतो का, ही आजही विचारली जाणारी भीती त्या कुजबुजीचीच संतती आहे. टॅम्पॉन हरवत नाही, कारण गर्भाशयाचे तोंड त्याला वर जाऊ देत नाही. आणि कौमार्य ही शरीराच्या एखाद्या पडद्याने ठरणारी वस्तू नव्हे. खऱ्या धोक्याविषयीचे मौन आणि खोट्या धोक्यांची रेलचेल, अशी ही विचित्र वाटणी झालेली आहे.

५

आता तिसऱ्या मापाकडे येऊ. ‘टॅम्पॉन’ हा शब्द फ्रेंच. अर्थ बूच किंवा बोळा. वस्तू म्हणून तो आपल्याला अगदीच अपरिचित होता असे नाही. औषधी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा योनिमार्गात ठेवण्याचा उपचार आयुर्वेदात ‘पिचु’ या नावाने येतो. कारखान्यात तयार होणाऱ्या, नळीतून घालायच्या टॅम्पॉनचे पेटंट अमेरिकेत अर्ल हास या डॉक्टरला १९३३ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत नळीविना बोटाने घालायचा प्रकार निघाला, त्याचे ‘ओ. बी.’ हे नाव म्हणजे ‘पट्टीशिवाय’ या अर्थाच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे. भारतातल्या औषधांच्या दुकानांत टॅम्पॉन म्हणून अनेकींनी पहिल्यांदा पाहिला तो हाच.

आठ तासांची कहाणी मात्र १९७८ मध्ये सुरू होते. अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड यांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आठ ते सतरा वर्षांच्या सात मुलांच्या एका गंभीर आजाराचे वर्णन केले आणि त्याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम हे नाव दिले. स्टॅफिलोकोकस ऑरिअस या जिवाणूचे विष त्यामागे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. तिथे पाळीचा संबंध नव्हता. १९८०च्या आरंभी विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांतून मात्र तरुण स्त्रियांचे रुग्ण कळू लागले. मे महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ५५ रुग्णांचा पहिला अहवाल छापला. त्यांत ५२ स्त्रिया होत्या आणि बहुतेकींचे दुखणे पाळीच्या दिवसांत उद्भवले होते. जूनमध्ये टॅम्पॉनशी संबंध दिसला. सप्टेंबरमध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीच्या ‘रिलाय’ नावाच्या टॅम्पॉनशी तो सर्वांत ठळकपणे जुळला आणि कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. त्या एका वर्षात पाळीशी निगडित आठशेहून अधिक रुग्ण आणि ३८ मृत्यू नोंदले गेले.

‘रिलाय’मध्ये कापूस नव्हता. पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज हा पाणी शोषून फुगणारा पदार्थ त्यात भरलेला होता. तो कितीतरी जास्त शोषत असे, म्हणून कितीतरी जास्त वेळ ठेवता येत असे. वारंवार बदलावा लागू नये, हाच त्याचा गुण म्हणून विकला गेला आणि धोकाही तिथेच होता. काही स्त्रियांच्या योनिमार्गात हा जिवाणू निरुपद्रवीपणे राहत असतो. टॅम्पॉनबरोबर आत जाणारी हवा, साठून राहिलेले रक्त आणि लांबलेला वेळ यांमुळे त्याला विष तयार करायला अनुकूल स्थिती मिळते. बहुतेक प्रौढ माणसांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. ज्यांच्यात ती नसतात त्यांना धोका, आणि अशांत किशोरवयीन मुली अधिक. आठवा तास उलटला की विष तयार झालेच असे नव्हे. आठ तास ही सावधगिरीने आखलेली रेघ आहे. तिच्यामागे शोषणक्षमता आणि सलग वापर या दोन गोष्टींचा धोक्याशी जुळलेला संबंध आहे.

ही रेघ खोक्यावर आणि आतल्या पत्रकावर यायलाही झगडावे लागले. ‘साधा’, ‘सुपर’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या मनाप्रमाणे वेगळा होता. एका कंपनीचा ‘साधा’ दुसरीच्या ‘सुपर’हून अधिक शोषत असे. बोस्टनच्या ज्या स्त्रीगटाने शरीराविषयीचे सुप्रसिद्ध ‘अवर बॉडीज, अवरसेल्व्ज’ हे पुस्तक लिहिले, त्यातल्या एस्थर रोम यांनी वर्षानुवर्षे समित्यांत बसून हे शब्द एकाच मापाला बांधावेत असा आग्रह धरला. १९९० पासून अमेरिकेत शोषणक्षमतेची एकसमान वर्गवारी सक्तीची झाली: ‘रेग्युलर’ म्हणजे सहा ते नऊ ग्रॅम, ‘सुपर’ म्हणजे नऊ ते बारा. शब्दाचा अर्थ निश्चित करण्याने माणसे वाचतात, याचे यापेक्षा रोकडे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला सापडणे कठीण.

तीन मापांतला फरक इथे स्पष्ट होतो. तीन रात्री आणि सात दिवस यांनी इतरांना तिच्यापासून वाचवले. आठ तास हे पहिलेच माप असे, की जे तिला वाचवण्यासाठी आखले गेले. आणि त्याच्या पाठीशी ऋषींची कथा नाही. मेलेल्या तरुण स्त्रियांची यादी आहे.

६

पण हे माप पाळायला काय लागते? वसईत हा प्रश्न विचारला की तो रात्रीपुरता उरत नाही.

विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची लोकल सुरू केली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. वसई-विरारच्या स्त्रियांच्या नोकरीचा, शिक्षणाचा, वाचनाचाही इतिहास या गाडीशिवाय लिहिता येणार नाही. भाज्या निवडणे, भजने, डोहाळजेवणे, पुस्तकांची देवघेव, सगळे तिथे होते. लोकलमध्ये नाही ते स्वच्छतागृह. सकाळी साडेसहाला घर सोडून रात्री आठला परतणारी स्त्री साडेतेरा तास बाहेर असते. फुले, भाजी, मासळी घेऊन पहाटेच मुंबईच्या बाजारांकडे निघणारीचा दिवस तर याहून आधी सुरू होतो. कामाच्या ठिकाणी कडी लागणारे दार, पाणी, आणि वापरलेले टाकण्याची सोय नसेल तर आठ तासांची रेघ तिला वाचता येते, पाळता येत नाही. ती पाणी कमी पिते आणि पॅड असो, कापड असो, टॅम्पॉन असो, तेच घेऊन घरी येते. तिच्यापुरता दिवसच रात्रीहून लांब झालेला असतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुलींना पाळीत काय वापरता असे विचारले गेले. एकीला एकाहून अधिक उत्तरे देता येत होती. सॅनिटरी नॅपकिन म्हणणाऱ्या ६४ टक्के निघाल्या, कापड म्हणणाऱ्या ५० टक्के, टॅम्पॉन म्हणणाऱ्या जेमतेम दोन टक्के. नॅपकिन, टॅम्पॉन आणि कप ही साधने ‘आरोग्यदायी’ या रकान्यात गेली, कापड त्याच्या बाहेर राहिले. काय वापरता हे विचारले गेले. किती वेळ वापरता हे नाही. धुऊन उन्हात वाळवलेले, चार तासांनी बदललेले कापड या हिशेबात अनारोग्याचे, आणि तेरा तास न बदललेला नॅपकिन आरोग्याचा. वस्तू बदलली की प्रगती झाली, असे मानणारी ही दृष्टी घड्याळाकडे पाहतच नाही. कपाच्या बाबतीतही हेच. फ्रान्समधील ल्यों येथे २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात हा जिवाणू कपातही वाढू शकतो आणि विष करू शकतो, असे दिसले. साधन कोणतेही असो, वेळ सुटत नाही.

म्हणून स्वच्छतागृहाची लढाई ही या लेखाच्या विषयाबाहेरची नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांच्या संघटनांनी ती उभी केली. आणि मराठी वाचकाने अभिमानाने सांगावे असे एक प्रकरण त्यात आहे. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या विश्वस्त संस्थेने स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहे हवीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने ही सोय करणे महापालिकांचे कर्तव्य असल्याचे सांगून त्यांना तसे निर्देश दिले. कर्वे एक मासिक चालवत होते म्हणून १९३४ मध्ये न्यायालयात ओढले गेले होते. एक्याऐंशी वर्षांनी दुसरे एक मराठी मासिक शरीराचाच प्रश्न घेऊन स्वतःहून न्यायालयात गेले आणि जिंकून आले.

आमच्यासारख्या मराठीच्या शिक्षकांकडे रेल्वेच्या किंवा महापालिकेच्या किल्ल्या नाहीत. पण लीळाचरित्र आहे, सोयराबाई आहे, कर्वे आहेत, आणि समोर रोज वसई-विरारहून निघणाऱ्या मुली आहेत. चक्रधरांचा तो विचार शिकवताना थांबावे. विद्यार्थ्यांमधल्या मुलग्यांनीही तो ऐकावा. आणि त्या तासाला एखादीने विचारलेच, की टॅम्पॉन रात्रभर ठेवला तर चालतो का, तर विषयांतर झाले असे न मानता सांगावे: झोप आठ तासांच्या आत असेल तर हो, झोपताना नवा घाल, उठल्याबरोबर काढ, त्याहून जास्त झोपणार असशील तर पॅड वापर. हे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. तास त्यानंतरही पुष्कळ उरतो, आणि सोयराबाई मग अधिक नीट कळते.